दिग्रसचे स्वर्गवासी मास्टर

ज्या माणसाला आपण मारलं, त्याच माणसाचं पोस्टकार्ड घरी आलं तर जागेवर बसून राहणं कठीण जातं. मी दुसऱ्याच दिवशी कचेरीत रजेचा अर्ज टाकला आणि विदर्भाची गाडी पकडली.

मारलं म्हणजे छापून मारलं. गोष्ट कापसाच्या त्या वाईट वर्षांतली आहे, जेव्हा यवतमाळ जिल्ह्याचं नाव पुण्याच्या वर्तमानपत्रांत सारखं यायचं आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्या या एकाच कारणासाठी यायचं. आमच्या रॉक बँडचा गायक मिलिंद त्याच जिल्ह्यातल्या दिग्रसचा. बँडचं नाव 'पऱ्हाटी' (म्हणजे कपाशीचं झाड) त्यानंच ठेवलेलं. पुण्यात त्याचा अर्थ कोणाला ठाऊक नव्हता, त्यामुळे ते फार आधुनिक वाटायचं. मी त्या बँडमध्ये बेस गिटार वाजवायचो. बेस गिटार वाजत असताना कोणाच्या लक्षात येत नाही, पण थांबली की येते असं म्हणतात. माझी थांबली तरी येत नसे.

मिलिंद गायला लागला की मात्र कॉलेजच्या मैदानात मागच्या भिंतीवर बसलेली पोरंसुद्धा खाली उतरायची. आवाज गोड वगैरे नव्हता. वर चढताना तो कडेला थोडा फाटायचा, आणि त्या फाटलेल्या जागेतून काहीतरी सरळ आपल्या अंगावर यायचं. मुली त्याचं नाव वहीच्या मागच्या पानावर लिहायच्या. मुलंही लिहायची, पण ती दाखवत नसत. त्याचं सगळ्यात आवडतं गाणं एका बापाविषयी होतं, जो पांढऱ्या झालेल्या शेतात शिरतो आणि परत येत नाही. त्या गाण्याला हजार पोरं एकदम गप्प व्हायची. ती शांतता मला अजून आठवते. कारण त्या शांततेत माझी गिटार ऐकू यायची आणि मी चुकायचो.

श्रावणात त्याला कावीळ झाली. अठ्ठावीस वर्षांचा होता. आम्ही चौघं एका खोलीत राहायचो. माझ्या आत्यानं फोनवर सांगितलं की काविळीला उसाचा रस चांगला, म्हणून मी त्याला आठ दिवस कोपऱ्यावरच्या गुऱ्हाळातला रस पाजला. बर्फ घालून. नवव्या दिवशी तो आम्हाला ओळखेना. दहाव्या दिवशी दवाखान्यात नेला, अकराव्या दिवशी गेला. पिंपरीला राहणारे त्याचे मामा आले, सह्या त्यांनीच केल्या आणि गाडीतून त्याला गावी घेऊन गेले. त्या गाडीत मीही बसणार होतो, पण मध्येच मला हार आणायची बुद्धी झाली. परत आलो तर गाडी निघून गेलेली. दवाखान्याच्या फाटकात मी हार हातात धरून उभा होतो आणि एक रखवालदार मला विचारत होता, कोणाचा सत्कार आहे?

मामा आले, वडील आले नाहीत. एवढ्यावरून आणि त्या एका गाण्यावरून मी मनाशी ठरवून टाकलं की मिलिंदचे वडील हयात नाहीत. एका पुरवणीत त्याच्यावर मृत्युलेख लिहिला. त्यात त्याच्या वडिलांना मी शेतकरी केलं, काळं रान दिलं, त्यावर कापूस पेरला, आणि शेवटच्या परिच्छेदात त्यांचा जीव घेतला. लेख फार गाजला. लोकांनी कात्रणं काढून ठेवली. तीन महिन्यांनी पुरवणीच्या पत्त्यावर आलेलं पोस्टकार्ड संपादकांनी माझ्याकडे धाडलं.

'सप्रेम जयभीम. आपला लेख वाचला. चि. मिलिंदबद्दल चांगले लिहिले आहे. मी जिवंत आहे. माझी बँड पार्टी असून शेत नाही. मी मेलो असे मिलिंदने आपणास सांगितले होते की आपण मनाने लिहिले, एवढेच कळवावे. मनोहर मास्टर, दिग्रस.'

अक्षर गोल, ओळी सरळ. कुठे रागाचा शब्द नाही. तेच वाईट होतं.

उत्तर तसं दोन शब्दांचं होतं. मनाने लिहिलं. ते खरंही होतं, पण सगळं खरं नव्हतं. मिलिंदच्या शेवटच्या कार्यक्रमात निवेदकानं माइकवर सांगितलं होतं, 'ज्याच्या वडिलांना कापसानं नेलं, असा हा मुलगा.' मिलिंद मागेच उभा होता. एक वाक्य बोलला असता तर संपलं असतं. तो बोलला नाही. आता म्हाताऱ्या बापाला हवं होतं ते हेच: आपल्या मुलाला आपली लाज वाटत होती का? आणि हे त्यांनी ज्याला विचारलं होतं तो माणूस म्हणजे मी, जो हार आणायला गेला होता.

*

बडनेऱ्याला उतरलो तेव्हा सकाळची थंडी चांगलीच झोंबत होती. तिथून एसटीनं यवतमाळ. खिडकीतून दोन्ही बाजूंना कपाशी. मी आयुष्यात पहिल्यांदा कापूस झाडावर पाहत होतो, ही गोष्ट माझ्या वाचकांना तेव्हा कळली असती तर कात्रणं त्यांनी परत पाठवली असती. पाहायला तो अगदी पांढराशुभ्र वगैरे नसतो. मातीच्या रंगाची वाळकी झाडं, त्यांवर अधूनमधून बोंड फुटून लोंबणारा कापूस, आणि पोटाला ओटी बांधून तो वेचणाऱ्या बाया. खरेदी केंद्राबाहेर गाड्यांची रांग लागलेली. किती दिवसांची कोण जाणे, कारण काही लोकांनी गाडीखाली चूल मांडली होती आणि एकानं दोरीवर धोतर वाळत घातलं होतं.

यवतमाळला स्टँडजवळच्या लॉजमध्ये आंघोळीपुरता थांबलो. मॅनेजरनं रजिस्टर पुढे सरकवत विचारलं, "पेपरवाले?"

मी नाही म्हणालो. टीव्हीवाले? नाही. सरकारी? नाही.

"मंग इथी आले कायले?" तो खरोखर बुचकळ्यात पडला होता. मग माझ्यावर विश्वास न ठेवता त्यानं हळूच सांगितलं की ओळखीचा जीपवाला आहे, माणूस गेलेली तीन घरं दाखवतो, बाया बोलतात चांगल्या, आणि दुपारच्या जेवणाच्या आत वापस आणून सोडतो. माणूस वाईट नव्हता. येणारे जे मागायचे ते तो तयार ठेवायचा. मी त्याच्याकडे तुच्छतेनं पाहिलं आणि जिना चढताना लक्षात आलं की जीपनं हिंडणाऱ्यांनी निदान जीपचा तरी त्रास घेतला होता. मी तर पुण्यात खोलीत बसून घर पाहिलं होतं.

माफी मागायला म्हणून पांढरा शर्ट इस्त्री करून आणला होता. तो घातला आणि तर्री-पोहे खायला बसलो. तर्री (म्हणजे तेलाचा लाल तवंग असलेला झणझणीत रस्सा) पोह्यांवर घालून घेतात. गाडीवाल्यानं विचारलं, झेपन का? पुण्याची अब्रू म्हणून मी अजून एक पळी घालायला सांगितली. पहिल्या घासाला ठसका लागला, आणि दुसऱ्या क्षणी शर्टाच्या खिशापासून पोटापर्यंत विदर्भाचा नकाशा उमटला. गाडीवाल्यानं मीठ चोळायला दिलं. मीठ चोळल्यावर नकाशा अधिक स्पष्ट झाला. दुसरा शर्ट निळा, चुरगळलेला; तो मळका वाटला म्हणून हाच ठेवला. असे निर्णय मी आयुष्यभर घेत आलो आहे.

दिग्रसची एसटी पुढे पुसदला जाते. ही माहिती मला होती. दारव्हा मागे पडलं तसे मी डोळे मिटून माफीचं भाषण घोकायला लागलो. तीन भाग होते: चूक, कारण, विनंती. ते इतके चांगले जमत गेले की डोळे उघडले तेव्हा मोठं गाव कुठेच नव्हतं. कंडक्टरला विचारलं तर तो म्हणाला, "दिग्रस मांगं गेलं ना जी. मी आवाज देल्ला तुमाले. तुमी म्हणाले, माझी चूक झाली, मले माफ करा. म्या म्हणलं, असन बाप्पा पुसदचे."

सगळी बस हसली. मला एका फाट्यावर उतरवलं.

तिथून दिग्रसकडे कापूस घेऊन जाणारा ट्रॅक्टर मिळाला. चालवणाऱ्याच्या शेजारी सामान होतं, म्हणून मला ट्रॉलीवर चढवलं, कापसाच्या ढिगावर, जिथे देवरावभाऊ नावाचे पन्नाशीचे शेतकरी पाय पसरून बसले होते. कापूस मऊ असतो हे लांबून पाहणाऱ्यांचं मत. बोंडाच्या वाळक्या पात्या त्यात राहिलेल्या असतात आणि त्या नेमक्या बसायच्या जागी टोचतात. पण वरून दिसणारं रान सुंदर होतं. ऊन हिवाळ्यातलं होतं, तुरीला पिवळा फुलोरा आलेला, दूर एका टेकडीवर पळस. मिलिंद याच रस्त्यानं पहिल्यांदा पुण्याला निघाला असणार, असं मनात आलं आणि मी उगीच खाकरलो. देवरावभाऊंना वाटलं, धूळ गेली. त्यांनी पाण्याची बाटली दिली.

कोणाकडे, त्यांनी विचारलं. मी म्हणालो, मनोहर मास्टर, बँडवाले.

"स्वर्गवासी मास्टर?" ते म्हणाले, आणि माझा चेहरा पाहून हसले. "घाबरू नका, जिते हायत. पुण्याच्या कोण्या भल्या माणसानं पेपरात मारलं त्यायले. तवापासून मास्टर म्हणते, आता मले मराची भेव नाही, एक डाव होऊन गेलं."

मग त्यांनी सगळी हकीकत सांगितली. लेख गावात कसा आला, केश कर्तनालयात कसा मोठ्यानं वाचला गेला, आणि मास्टर स्वतः दाढी करायला तिथेच कसे बसलेले होते. मी कापसात अधिकाधिक खोल जात होतो. तो लिहिणारा एकदा भेटला पाहिजे, असं देवरावभाऊ म्हणाले. मारायचं नाही. नुसतं ट्रॅक्टरवर बसवून गावातून फिरवायचं.

"तुमी पुण्याचेच ना?"

"मूळचा साताऱ्याचा," मी म्हणालो.

*

मास्टरांचं दुकान बाजाराच्या तोंडाशी होतं. बँड पार्टीचं दुकान म्हणजे टिनाच्या छपराची एक खोली. समोर रंगवलेली पाटी, भिंतीला टांगलेले ढोल, एका कोपऱ्यात पिवळी पडत चाललेली पितळी वाद्यं. भिंतीवर भगवान बुद्ध आणि बाबासाहेब, आणि त्यांच्या खाली, हार घातलेला, मिलिंद. कॉलेजच्या ओळखपत्राचा फोटो मोठा करून घेतलेला. त्यात त्याचे केस नीट विंचरलेले होते. त्याला तसा मी कधीच पाहिला नव्हता.

बाकावर एक बुटका, साठीचा माणूस ट्रम्पेटचं तोंड धोतराच्या फडक्यानं पुसत होता. ओठाच्या मधोमध वर्षानुवर्षं वाजवून पडलेला गोल घट्टा. मी दारात उभा राहिलो. तीन भागांचं भाषण पुसदच्या बसमधून पुढे निघून गेलेलं. मास्टरांनी माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. अंगभर कापूस, छातीवर लाल डाग.

"अपघात झाला का जी?"

"नाही. तर्री."

"हां, मंग ठीक हाय."

मी म्हणालो, तो लेख लिहिणारा मीच.

त्यांनी ट्रम्पेट बाजूला ठेवली, बाकावरची जागा हातानं झाडली आणि आत पाहून हाक दिली, "अवं, पुण्याचे आले."

मिलिंदच्या आई, कांताबाई, पदराला हात पुसत बाहेर आल्या. मला निरखून पाहिलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, माणूस तर साधा दिसते. मग पाणी आणलं. मी पाणी पितो न पितो तोच त्यांनी कोपऱ्यातलं फडकं ओढलं आणि खालचं शिवणयंत्र दाखवलं. ते माझ्यामुळे आलं होतं.

झालं असं की लेख वाचून पुण्याकडची एक सेवाभावी मंडळी गाडी करून दिग्रसला आली, मिलिंदच्या विधवा आईला शिवणयंत्र द्यायला. सोबत फोटोग्राफर. कांताबाईंच्या कपाळावर कुंकू पाहून ती मंडळी गोंधळली, पण आपसांत बोलून त्यांनी ठरवलं की इकडे तशी रीत असेल. मास्टरांनीच सगळ्यांना चहा दिला. एकानं विचारलं, आपण कोण? मास्टर म्हणाले, मी बँड वाजवतो. यंत्राच्या पोचपावतीवर साक्षीदार म्हणून सही त्यांचीच आहे.

सांगितलं का नाही, मी विचारलं.

मास्टर म्हणाले, एवढे लोक एवढ्या दुरून आलेले, पोटात अन्न नाही, आणि मध्येच उठून मी जिवंत आहे म्हणायचं बरं नाही वाटलं.

त्या यंत्रावर आता कांताबाई बँडचे कोट शिवत होत्या. त्यांनी बोट दाखवलं तेव्हा मी वर पाहिलं. दोरीवर ओळीनं लाल कोट टांगलेले होते. खांद्याला सोनेरी झालर, छातीवर दोन रांगांत पितळी बटणं. मी उठून एका कोटाची बाही हातात धरली. हा कोट मी शेकडो वेळा पाहिला होता. मिलिंद प्रत्येक कार्यक्रमात हाच घालायचा. उन्हाळ्यातही. आम्हाला वाटायचं, परदेशी गायकांच्या धर्तीवर शिवून घेतला असेल. कोणी विचारलं तर तो हसायचा. पुण्यात चार-पाच पोरांनी तसे कोट शिवूनही घेतले होते, आणि त्यांतल्या एकालाही, किंवा मलाही, हे सुचलं नव्हतं की आपण एवढ्या वराती पाहिल्या, त्यांत हा कोट प्रत्येक वेळी आपल्या समोरून चालत गेला आहे.

मी हे सांगितलं. मास्टरांनी दोरीवरचे कोट बोटानं मोजले.

"एक कोट कमी व्हता," ते म्हणाले. "तीन सालापासून. मी सुदामाले चोर म्हणलो. क्लॅरनेटवाला. वीस साल माझ्या संगं वाजवलं त्यानं. बँड सोडून गेला." मग म्हणाले, "मीबी मनानंच ठरवलं."

कांताबाई म्हणाल्या, उद्याच जा त्याच्याकडे. मास्टरांनी मान हलवली.

मग त्यांनी ट्रम्पेट परत मांडीवर घेतली आणि ज्यासाठी मी आलो होतो ते विचारलं. "आता सांगा. त्यानं सांगितलं, का तुमी लिहिलं?"

मी लिहिलं, मी म्हणालो. त्यानं कधीच तसं सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

इथे थांबता आलं असतं. कांताबाईंनी सुटकेचा श्वास सोडलेला मला ऐकू आला. पण मास्टरांनी जन्मभर दुसऱ्यांचा सूर संपला की नाही हे ओळखून बँड उचललेला होता. ते माझ्याकडे पाहतच राहिले. "अजून काही हाय," ते म्हणाले.

म्हणून मी शेवटचा कार्यक्रम सांगितला. निवेदक काय म्हणाला ते. मिलिंद कुठे उभा होता ते. मला वाटलं होतं तो माइक घेऊन हसेल आणि म्हणेल, अरे, काहीही काय. त्यानं खाली पाहिलं. मग माइक घेतला आणि गायला लागला.

"खाली पाह्यलं?"

"हो."

"किती वेळ?"

बेस वाजवणाऱ्याला एवढंच एक नीट मोजता येतं. "चार मात्रा."

"अन् मंग गायला कसा?"

मी खरं तेच सांगितलं. त्या दिवशीइतकं चांगलं तो कधीच गायला नव्हता.

कांताबाई म्हणाल्या, लाजला असन. एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या. मास्टर ट्रम्पेटची कळ दाबत राहिले, न फुंकता. बाहेरून कापसाची एक गाडी गेली, तिच्या मागून दुसरी. मग ते बोलले, आणि माझ्याशी कमी, भिंतीवरच्या फोटोशी जास्त.

"माझा बाप डफडं वाजवे. गावात कोणाची मयत असो, कोणाची वरात असो, बलावलं का जाणं. नाही म्हणता येत नव्हतं. दीक्षा घेतली त्या साली त्यानं डफडं विहिरीत टाकलं. अन् मी हे धरलं तवा सहा महिने बोलला नाही माझ्याशी. मी म्हणलो, बाबा, याले कोट हाय. हा धंदा हाय, गावकी नाही. पण मीबी बाहेरगावी वाजवाले गेलो अन् कोणी इचारलं बाप काय करे, त मी सांगो, मजुरी करे. पुरी जिंदगी तेच सांगतलं. त्याच्या कानावर गेलं असन. मले काही बोलला नाही." ते थांबले. "मी त चार मात्रा नाही, चाळीस साल खाली पाह्यलं. मिलिंदले काय बोलू?"

आतून कांताबाईंनी जेवायला हाक दिली. 

दुपारचं जेवण दुकानामागच्या घरात झालं. ज्वारीची भाकरी, वांग्याचं भरीत, त्यात कांद्याची पात, बाजूला ठेचा. ठेच्याला मी हात लावला नाही. कांताबाईंनी शर्टाकडे पाहून आग्रहही केला नाही. वाढता वाढता त्यांनी विचारलं, शेवटी काय खाल्लं त्यानं?

एक कबुली द्यायला आलो होतो, दुसरी द्यावी लागली. उसाचा रस, मी म्हणालो. आठ दिवस. आत्या म्हणाली म्हणून.

"मीबी तेच पाजलं असतं," त्या म्हणाल्या.

मी बर्फाचं सांगितलं.

त्यांचा हात भाकरीवर थांबला. "बर्फ नसता टाकला," त्या म्हणाल्या. मग तीच भाकरी माझ्या ताटात ठेवली. मी ती पुरी खाल्ली. आजपर्यंत खाल्लेल्या सगळ्या भाकऱ्यांत ती जड होती.

हात धुतल्यावर मी खिशातून कागद काढला. दुरुस्तीचा मजकूर लिहून आणला होता. पाच परिच्छेद. मास्टरांनी चष्मा लावून सावकाश वाचला. चांगलं लिहिता तुमी, ते म्हणाले, आणि घडी करून परत दिला. हे छापू नका.

मी गडबडलो. म्हणालो, पण चूक माझी आहे, ती लोकांना कळली पाहिजे.

"त्या गाण्याले पोट्टे गप्प होते म्हणता ना? मी जिता हाय हे समजलं का हसतीन ते. म्हणतीन, खोटं व्हतं सारं. त्याचं गाणं मोडन." त्यांनी चष्मा डबीत ठेवला. "इथी साऱ्यायले ठाऊक हाय मी जिता हाय. तिकडं मले कोण ओळखते? मी जिता हाय तवरी तिकडं मले मेलेलंच राहू द्या. खरंच मेलो का मंग लिहा, का जिता व्हता."

"अन् मी?" कांताबाई आतून म्हणाल्या. "मी तिकडं विधवाच का?"

"मशीन त घेतली ना," मास्टर म्हणाले.

आतून भांडं जरा जोरात ठेवल्याचा आवाज आला. पण त्या हसत होत्या. मला वाटतं, हसत होत्या.

*

मला स्टँडवर सोडायला मास्टर स्वतः आले. मी नको म्हणालो, पण पुसदच्या बसची गोष्ट तोवर बाजारात माझ्या आधी पोचली होती. रस्त्यात दर दहा पावलांवर कोणीतरी त्यांना थांबवायचं. पानठेल्यावरून एकानं हाक दिली, "मास्टर, खाली कवा आले?"

"सुट्टीवर हाय," मास्टर म्हणाले.

बसमध्ये त्यांनी मला खिडकीची जागा मिळवून दिली आणि कंडक्टरला माझ्याबद्दल काहीतरी सांगितलं. कंडक्टरनं माझ्याकडे पाहून मान डोलावली. बस सुटली तेव्हा ते पाठ करून परत निघाले होते, बाजाराच्या दिशेनं, लहान लहान पावलं टाकत, वरातीपुढे चालणाऱ्या माणसासारखे, मागे सगळे येतच आहेत अशा भरवशानं.

दारव्ह्यापर्यंत ऊन होतं. यवतमाळच्या पुढे खरेदी केंद्राची रांग सकाळी होती तिथेच होती, दोरीवरचं धोतर तेवढं निघालं होतं. मी मिलिंदचा विचार करत होतो. मला त्याच्या आयुष्यातली तीन वर्षं ठाऊक होती आणि तेवढ्यावर मी त्याचं सगळं आयुष्य लिहून मोकळा झालो होतो. तो माझ्यापासून दोन हातांवर झोपायचा. पहाटे कधीकधी ओठ मिटून काहीतरी वाजवायचा, हवा गालांत भरून, पुक पुक पुक. आम्ही उशा फेकून मारायचो. आज कळलं, तो ट्रम्पेट वाजवत होता.

बँड लवकरच मोडला. मी कचेरीत मन रमवलं, लग्न केलं, लग्नात बँड सांगितला. मिलिंदचं गाणं मात्र मरायला तयार नव्हतं. अजूनही कुठल्या कुठल्या कॉलेजांत पोरं ते गातात, आणि गाण्याआधी कोणीतरी हमखास सांगतं की याच्या वडिलांना कापसानं नेलं. मग सगळं मैदान गप्प होतं. अशा वेळी मी मागच्या रांगेत असलो तर उठत नाही, बोलत नाही. बुटांकडे पाहतो. गाणं सुरू झालं की मान वर करतो. गाणं चांगलं आहे.

गेल्या पावसाळ्यात दिग्रसहून फोन आला. मास्टर गेले, पिकल्या वयात, दुपारच्या झोपेत. म्हणून इतक्या वर्षांनी हे लिहितो आहे, त्यांच्याच परवानगीनं. मिलिंद गेला तेव्हा त्याचे वडील जिवंत होते. त्यानंतरही पुष्कळ वर्षं होते. दिग्रसला, भर बाजारात, सगळ्यांदेखत.